स्केलर बाहेर आला की लिनिअर झालं? अहो, नाही

सेट-नेटवाल्यांच्या ग्रुपवर एक 'ट्रिक' फिरतेय, काल सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत दोन पोरांनी मला कौतुकानं दाखवली. म्हणे मॅप (एका व्हेक्टरला दुसऱ्याकडे नेणारा नियम) लिनिअर आहे का बघायला फ(अक्ष) = अ·फ(क्ष) एवढंच तपासा (अ म्हणजे स्केलर, व्हेक्टरला गुणायची संख्या), बेरीज, म्हणजे फ(क्ष+य) = फ(क्ष)+फ(य), आपोआप येते, अशा मॅप्सची रिंग (बेरीज-गुणाकाराचे नेहमीचे नियम पाळणारा संच) बनते, अपवाद असलेच तर ते फक्त अनंत, विचित्र ठिकाणी.

आता बघा, सगळ्यात छोटं फील्ड (जिथे बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार चालतात असा संख्यांचा संच) घ्या, ० आणि १ वालं, त्यावर दोन कोऑर्डिनेटची स्पेस, म्हणजे मोजून ४ व्हेक्टर. स्केलरच दोन, त्यामुळे ती अट म्हणजे नुसतं फ(०) = ०, बाकीचे तीन व्हेक्टर कुठेही पाठवा, ४×४×४ = ६४ मॅप झाले. त्यातले लिनिअर १६. उरलेल्या ४८ चं काय करायचं ते ट्रिकवाल्या सरांनी सांगावं! ०, १, २ वाल्या फील्डवर तर ६५६१ पैकी जेमतेम ८१. 'अनंत, विचित्र' पण इथेच संपलं.

रिंगचं म्हणाल तर तिथे गुणाकार म्हणजे ∘, आधी उजवा मॅप लावायचा, मग डावा; (फ+ग)∘ह नीट सुटतं, पण ह∘(फ+ग) सुटायला ह ला बेरीज पाळावी लागते. वरच्याच ४ व्हेक्टरवर ह म्हणजे (१,०) जागेवर ठेवणारा आणि बाकी सगळं शून्यावर नेणारा मॅप घ्या, फ म्हणजे आयडेंटिटी (सगळं जागच्या जागी ठेवणारा), ग म्हणजे कोऑर्डिनेटची अदलाबदल. (१,०) वर एका बाजूनं ह(१,१) म्हणजे शून्य, दुसऱ्या बाजूनं (१,०). कंस असा एकाच बाजूनं सुटतो, त्या रचनेला निअर-रिंग म्हणतात.

घोळ कुठून आला तेही कळतं. बेरीज पाळली की पूर्णांक बाहेर येतातच, फ(३क्ष) = फ(क्ष)+फ(क्ष)+फ(क्ष), तेच कुणीतरी उलटं वाचलं.

बरं, ट्रिक कधीकधी खरीही ठरते. मॉड्यूल (व्हेक्टर स्पेससारखंच, फक्त स्केलर फील्डऐवजी रिंगमधले) एकाच घटकातून बनत असेल तर सोपंच आहे. पण मला आवडतं ते २×२ मॅट्रिक्सच्या रिंगचं, तिथे कुठल्याही मॉड्यूलवर बेरीज खरंच फुकट मिळते, कारण मॅट्रिक्स दोन घटक एकाच झ मध्ये पॅक करून परत वेगळे काढू शकतात: प आणि ब या मॅट्रिक्सनी प·झ = क्ष, ब·झ = य असं झालं की फ(क्ष+य) = (प+ब)·फ(झ) = फ(क्ष)+फ(य). (हे आधी पहिल्या ओळीच्या घटकांसाठी करायचं, म्हणजे वरच्या डाव्या कोपऱ्यात १ आणि बाकी ० असलेल्या मॅट्रिक्सनं गुणून जे बदलत नाहीत त्यांच्यासाठी, मग सगळ्या घटकांवर पसरवायचं.) वरचेच ४ व्हेक्टर, पण स्केलर म्हणून या मॅट्रिक्स घ्या, ६४ मधून उरतात फक्त २, शून्य आणि आयडेंटिटी.