बोटीतून उतरले आणि इंग्रजी शिकले? अमेरिकेत असं घडलं नाही

१ मार्च २०२५ ला ट्रम्प यांनी आदेश काढून इंग्रजीला अमेरिकेची अधिकृत भाषा ठरवलं. तेव्हापासून एक मजकूर हातोहात फिरतोय. त्यातलं म्हणणं असं: अमेरिका पहिल्यापासून एकाच भाषेचा देश, पूर्वीचे स्थलांतरित बोटीतून उतरले की लगेच इंग्रजी शिकत, आताचे शिकत नाहीत, तरी त्यांना नागरिकत्व मिळतं, वर डाव्यांनी मतांच्या लोभापायी त्यांच्या भाषेत मतपत्रिका छापल्या.

देशाला एक सामाईक भाषा असावी, हे तिथल्या उजव्यांचं म्हणणं मला पटतं. एकमेकांशी बोलताच आलं नाही तर मिळून राज्य चालवायचं कसं? पण या चांगल्या मागणीला खोट्या इतिहासाचा टेकू कशाला?

‘पहिल्यापासून इंग्रजीच.’ अमेरिकेच्या राज्यघटनेत अधिकृत भाषेचा उल्लेखच नाही. १७५१ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन, म्हणजे पुढे देशाच्या संस्थापकांत गणले गेलेले नेते, पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनांवर वैतागले होते. हे आपल्यासारखे होण्याऐवजी आपल्यालाच जर्मन करून टाकतील, अशी त्यांना भीती होती. तेव्हा अमेरिका हा देश जन्मालाही आला नव्हता. कॅलिफोर्नियाच्या १८४९ च्या घटनेत तर सगळे कायदे इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत प्रसिद्ध करावेत, असं कलमच होतं. तिथली स्पॅनिश बोलणारी माणसं कुठून आली नव्हती. ती जागच्या जागीच होती, मेक्सिकोची सीमा सरकली.

‘पूर्वीचे लगेच शिकत.’ विस्कॉन्सिन राज्यातलं हस्टिसफर्ड हे गाव घ्या. १९१० च्या जनगणनेत तिथल्या साधारण पाव लोकांनी आपल्याला फक्त जर्मन येते असं नोंदवलं, आणि त्यांतले निदान एक तृतीयांश अमेरिकेतच जन्मलेले होते! याच राज्याने १८८९ मध्ये शाळांत इंग्रजीतून शिकवण्याची सक्ती केली. लुथरन आणि कॅथलिक हे दोन्ही ख्रिस्ती पंथ खवळले, पुढच्याच वर्षी निवडणुकीत रिपब्लिकन गव्हर्नर पडले आणि १८९१ मध्ये कायदा मागे घेतला गेला.

पहिल्या महायुद्धानंतर सक्ती आणखी कडक झाली. नेब्रास्कात आठवी पार न केलेल्या मुलाला शाळेत इंग्रजीखेरीज दुसरी भाषा शिकवणं हा गुन्हा ठरला. २५ मे १९२० ला चर्चच्या एका शाळेत रॉबर्ट मेयर हे शिक्षक दहा वर्षांच्या मुलाला जर्मन वाचायला शिकवत होते. त्याबद्दल त्यांना २५ डॉलर दंड झाला. पंचवीस डॉलर, एका मुलाला बायबलमधली गोष्ट वाचायला लावली म्हणून! १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती शिक्षा रद्द केली. निकाल लिहिला न्यायमूर्ती मॅकरेनॉल्ड्स यांनी, आणि ते त्या कोर्टातल्या सर्वांत कट्टर उजव्यांपैकी एक होते. सगळ्यांना इंग्रजी यावी हे कदाचित फार हिताचं असेल, असं त्यांनी मान्य केलं. पण ते साधण्यासाठी घटना मोडता येणार नाही, आणि घटनेचं संरक्षण दुसरी भाषा बोलणाऱ्यांनाही आहे, असं बजावलं. मुलांना कोणती भाषा शिकवायची यात सरकारने नाक खुपसू नये, हाही उजवाच विचार आहे. फिरणाऱ्या मजकुरात त्याचा मागमूस नाही.

‘आताचे शिकत नाहीत.’ घरात इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलणारे अमेरिकेत सुमारे २२ टक्के आहेत. इंग्रजी नीट न येणारे साधारण ८ टक्के. म्हणजे त्या २२ टक्क्यांतल्या बहुतेकांना दोन्ही भाषा येतात. तिथल्या नॅशनल अकॅडमीज या नामांकित विज्ञान संस्थेच्या २०१५ च्या अहवालानुसार आजचे स्थलांतरित पूर्वीच्यांइतक्याच, किंबहुना अधिक वेगाने इंग्रजीकडे वळताहेत. आजी स्पॅनिशमध्ये विचारते आणि नात इंग्रजीत उत्तर देते, हे त्या घरांतलं रोजचं चित्र आहे. त्या घरांत टिकवणं अवघड जातं ते आजीच्या भाषेला.

नागरिकत्वाचा मुद्दा तर सरळ चूक आहे. इंग्रजी बोलता येण्याची अट १९०६ पासून आहे, लिहिण्या-वाचण्याची १९५० पासून. सूट आहे ती मुख्यतः वयस्कांना: पन्नाशी ओलांडलेला माणूस ग्रीन कार्डावर वीस वर्षं राहिलेला असेल, किंवा पंचावन्न ओलांडलेला पंधरा वर्षं, तर. त्यांनाही देशाच्या इतिहास-कारभाराची परीक्षा द्यावीच लागते, फक्त आपल्या भाषेत.

राहिल्या मतपत्रिका. ती तरतूद १९७५ ची, सही जेराल्ड फोर्ड यांची. १९८२ मध्ये तिला मुदतवाढ दिली रेगन यांनी, १९९२ मध्ये थोरल्या बुश यांनी, २००६ मध्ये धाकट्या बुश यांनी. चौघेही रिपब्लिकन, म्हणजे उजव्या पक्षाचेच राष्ट्राध्यक्ष! आणि तिचा उपयोग कुणाला होतो? १९१७ पासून नागरिक असलेल्या प्वेर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातल्या, स्पॅनिश बोलणाऱ्या बेटाच्या लोकांना. नावाहो या मूळनिवासी जमातीला, जिची भाषा त्या मातीत इंग्रजीच्या आधीपासून आहे.

आता २०२५ चा आदेश. इंग्रजी कमी येणाऱ्यांना सरकारी कचेऱ्यांत मदत मिळावी म्हणून क्लिंटन यांनी २००० मध्ये काढलेला आदेश त्याने रद्द केला. कामावरून सुटलेल्या माणसाला संध्याकाळी इंग्रजी शिकता यावी म्हणून एकही वर्ग वाढवण्याची तरतूद मात्र त्यात नाही.