‘कमी चालते, मग झिजणार कशी?’ : सर्व्हिसिंग बंद करायला सांगणाऱ्या सल्ल्याचा प्रतिवाद

व्हॉट्सॲपच्या ग्रुपांत गाडीवाल्यांसाठी एक सल्ला वरचेवर फिरतो. त्याचा सारांश असा : सर्व्हिसिंग हा पैसे काढायचा धंदा आहे, वॉरंटी संपली की बंद करा. गाडी कमी चालत असेल तर ऑइल बदलू नका. कूलंटऐवजी नळाचं पाणी चालतं. ब्रेक ऑइल बदलायचं नसतं, कमी झालं की वरून भरायचं. मोडल्याशिवाय कशालाच हात लावू नका, कारण दहा वर्षांनी गाडी भंगारातच जाणार.

हा सल्ला पाळणाऱ्याची गाडी पहिली दोन-तीन वर्षं नीट चालते, म्हणून तो खरा वाटतो. नुकसान पुढे कधीतरी दिसतं आणि तोवर त्याचं कारण कुणाच्या लक्षात राहिलेलं नसतं.

‘सर्व्हिसिंगमध्ये लुटतात’

यात तथ्य आहे. इंजिन फ्लश, गाडी नीट ओढत असताना केलेलं डीकार्बनायझिंग (इंजिनातला कार्बन काढणं), टेफ्लॉन कोटिंग, दर खेपेला इंजेक्टर क्लीनिंग ही कामं बिलात घुसवली जातात. पण त्यावरचा उपाय गाडीच्या मॅन्युअलमध्येच आहे. त्यात किलोमीटर आणि महिन्यांनुसार कामांचा तक्ता दिलेला असतो. जॉब कार्ड (गॅरेजमधली कामांची यादी) लिहिताना तो समोर ठेवा, त्यातली कामं सांगा आणि बाकीच्यांना स्पष्ट नाही म्हणा. वॉरंटीनंतर भरवशाच्या गॅरेजमध्ये काम केलं तरी चालतं, फक्त फिल्टर आणि ऑइल योग्य प्रतीचं हवं. फुगवलेलं बिल नाकारणं वेगळं आणि काम नाकारणं वेगळं.

‘गाडी कमी चालते, ऑइल कशाला बदलायचं?’

बरीच इंजिनं या समजुतीने खराब होतात. भाजी आणायला किंवा स्टेशनपर्यंत तीन-चार किलोमीटर जाणाऱ्या गाडीचं ऑइल पूर्ण तापतच नाही. थंड इंजिनात थोडं पेट्रोल पिस्टनच्या रिंगांवरून खाली उतरतं, ज्वलनातून तयार झालेली वाफ चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं तिथे, निवून पाणी होते, आणि हे दोन्ही ऑइलमध्ये मिसळतं. हायवेवर तासभर चाललेल्या गाडीत ते उडून जातं, गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत साठत राहतं. ऑइल भरायचं झाकण उघडून आतून बघा. दुधाळ, मलईसारखा थर दिसला तर हेच चाललंय. मात्र त्याबरोबर कूलंटही कमी होत असेल तर हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) तपासून घ्या.

ऑइलमधली आम्ल मारणारी आणि मळ धरून ठेवणारी रसायनंही हळूहळू संपतात. मग गाळ तयार होतो, तो चेंबरमधल्या ऑइल खेचणाऱ्या जाळीवर बसतो आणि ऑइलचा दाब पडतो. पहिला फटका टर्बोला आणि टायमिंग चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरला बसतो. म्हणूनच तक्त्यात बहुधा १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी येईल ते, असं लिहिलेलं असतं. धूळ, ट्रॅफिकमध्ये ताटकळणं आणि छोट्या फेऱ्या यांना मॅन्युअल ‘कठीण वापर’ म्हणतं आणि त्यासाठी मुदत कमी देतं. आपल्या शहरांतल्या बहुतेक गाड्या त्याच वर्गात मोडतात.

रंगावरून मात्र काही ठरवू नका. डिझेल इंजिनात नवं ऑइल काही शे किलोमीटरमध्ये काळं होतं आणि तरी ते चांगलं असतं.

ऑइल बदलताना गाडी सपाट जागेवर आणि इंजिन कोमट असावं. ड्रेन बोल्ट काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं निथळू द्यावं, बोल्टखाली नवा वायसर घालावा. फिल्टर दर वेळी नवा, त्याच्या रबरी रिंगला ऑइलचं बोट लावून हातानेच आवळायचा. छोट्या पेट्रोल इंजिनांत साधारण ३ ते साडेतीन लिटर ऑइल लागतं, पण अख्खा डबा ओतू नका. डिपस्टिकच्या (ऑइल मोजायच्या पट्टीच्या) वरच्या खुणेच्या वर गेलं तर क्रँक, म्हणजे इंजिनाचा फिरणारा दांडा, ते घुसळून त्याचा फेस करतो आणि फेसाने वंगण होत नाही. ग्रेड, म्हणजे ऑइलचा जाडपणा सांगणारा आकडा, मॅन्युअलमधलीच घ्या. ०डब्ल्यू-२० सांगितलेल्या इंजिनात ‘जाड ऑइल चांगलं’ म्हणून २०डब्ल्यू-५० भरलं, तर थंड स्टार्टला ते उशिरा वर चढतं आणि तेवढा वेळ लोखंडावर लोखंड घासतं.

‘कूलंट म्हणजे रंगीत पाणी’

कूलंट म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव. निम्मं ग्लायकॉल, निम्मं पाणी हे त्याचं मिश्रण उघड्या भांड्यात १०७ अंश सेल्सियसच्या आसपास उकळतं, आणि रेडिएटर कॅपच्या दाबाखाली त्याहून वर. पण मोठा फायदा उकळण्याचा नाही, गंज रोखण्याचा आहे. आजच्या इंजिनाचं हेड आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचे असतात. बोअरच्या जड पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात, ॲल्युमिनियम खातात आणि पाण्याच्या पंपाचं सील खराब करतात. गाडी एक दिवस घाटात तापते, हेड वाकतं, गॅस्केट जातं, आणि मग इंजिन उघडावंच लागतं.

कूलंट तयार मिश्रण घ्या, किंवा कॉन्सन्ट्रेटमध्ये डिमिनरलाइज्ड (क्षार काढलेलं) पाणी घाला. रंग जुळला म्हणून दोन कंपन्यांची कूलंट मिसळू नका, रंगाला कसलंही प्रमाण नाही. बदलायची मुदत प्रकारानुसार दोन ते पाच वर्षं किंवा जास्त असते, ती मॅन्युअलमध्ये पाहा. भरल्यावर हवा काढणं महत्त्वाचं : हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन फॅन लागेपर्यंत चालवा, थंड होऊ द्या, पातळी पुन्हा पाहून भरा.

वाटेत कूलंटचा होज (रबरी पाइप) फुटला तर गॅरेजपर्यंत जायला पिण्याचं पाणी घालणं बरोबरच आहे. आधी इंजिन बंद करून अर्धा-पाऊण तास थांबा. गरम कॅप उघडली तर चेहरा भाजतो, आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो. दुरुस्ती झाली की ते पाणी पूर्ण काढून टाका. आणखी एक : कूलंट गळून गेलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खाली दाखवू शकतो. काट्यावर विसंबू नका, आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून कूलंटची टाकी पाहा.

‘ब्रेक ऑइल वरून भरलं की झालं’

हा सल्ल्यातला सगळ्यात धोकादायक भाग आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ दर्जाचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये असं मानक आहे; पाणी धरल्यानंतरची किमान मर्यादा १५५ अंश आहे. आंबोली किंवा महाबळेश्वरचा घाट उतरताना पाय सतत ब्रेकवर असेल तर डिस्कची उष्णता कॅलिपरमध्ये (पॅड दाबणाऱ्या भागात) उतरते, आतलं पाणी उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ होऊन खाली जातं. वरून भरल्याने जुनं पाणी निघत नाही. कोकणातल्या दमट हवेत तर दोन वर्षांची मुदत अजिबात ओलांडू नये. पूर्ण बदलायला साधारण १ लिटर पुरतं, आणि उघडून ठेवलेली बाटली वापरायची नाही.

शिवाय पातळी का उतरली तेही पाहा. बहुतेक वेळा पॅड झिजलेले असतात. तिथे वरून भरलं तर झीज झाकली जाते, आणि नवे पॅड बसवताना टाकी ओसंडून ऑइल बॉडीचा रंग काढतं. पॅड शाबूत असतील तर गळती शोधा. घाट उतरताना खालचा गिअर ठेवा, हेही या कामाचाच भाग आहे.

‘मोडल्याशिवाय हात लावू नका’

टायमिंग बेल्टला, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखणाऱ्या पट्ट्याला, हे लावून बघा. काही इंजिनांत त्याऐवजी चेन असते. स्विफ्टच्या १.३ डिझेलमध्ये चेन आहे, डस्टरच्या १.५ डिझेलमध्ये बेल्ट. बेल्टला बाहेरून काही दिसत नाही, आवाज येत नाही, आणि तुटला की बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. रबर किलोमीटर न चालताही कडक होतं, म्हणून मुदत किलोमीटर आणि वर्षं दोन्हींत दिलेली असते. बदलताना बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर आणि त्याला वळण देणारी चकती, म्हणजे आयडलर, हेही बदला. पाण्याचा पंप त्याच बेल्टवर असेल तर तोही, कारण मजुरी एकदाच लागते.

टायरचंही तसंच. नक्षी १.६ मिलिमीटरच्या वर असली तरी बाजूच्या भिंतीला तडे गेले असतील तर टायर काढावा. टायरच्या भिंतीवरच्या डॉट क्रमांकातले शेवटचे चार अंक तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात : ‘२३१९’ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. स्टेपनीचाही तपासा.

उभ्या गाडीला रोज पाच मिनिटं स्टार्ट करून ठेवण्याने बॅटरी भरत नाही, सायलेन्सरमध्ये मात्र पाणी साठतं. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा वीस-तीस मिनिटं रस्त्यावर चालवा. पावसाळ्यात जास्त दिवस उभी ठेवायची असेल तर हँडब्रेक न लावता गिअरमध्ये ठेवून चाकाला ठोकळा लावा, नाहीतर ब्रेक शू ड्रमला चिकटतात.

‘दहा वर्षांनी भंगारच’

डिझेल गाड्यांना दहा आणि पेट्रोल गाड्यांना पंधरा वर्षांची मर्यादा राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१४ आणि २०१५च्या आदेशांतून आली, आणि ती दिल्ली व राष्ट्रीय राजधानी क्षेत्रापुरती. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, आणि तपासणीत पास झाली तर पुढे ५-५ वर्षांनी नूतनीकरण होतं.

जुनी गाडी इंजिनापेक्षा पत्र्याने लवकर जाते, किनारपट्टीवर तर नक्कीच. पावसाळा संपला की अंडरबॉडी धुऊन घ्या, दरवाज्यांच्या आणि सिलच्या (दरवाज्याखालच्या पत्र्याच्या पट्टीच्या) खालची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा. गंज किंवा चिखलावरून अंडरकोटिंग मारू नका. ओलावा आत कोंडतो आणि पत्रा आतून सडतो.

नूतनीकरणाचा अर्ज नमुना २५ मध्ये, मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत करता येतो. पर्यावरण कर भरलेला, विमा आणि पीयूसी चालू हवेत. त्याआधी सगळे दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, हँडब्रेक आणि टायर स्वतः एकदा तपासून घ्या.