‘जिममध्ये तोंड बंद ठेवा’ म्हणणाऱ्या त्या मेसेजला माझं उत्तर

गेल्या गुरुवारी सकाळी सोसायटीच्या जिममध्ये बाबा लेग प्रेसवरून, म्हणजे पायांनी वजन ढकलायच्या मशीनवरून, उठले आणि दोन पावलं टाकून खांबाला धरून उभे राहिले. चेहरा लालबुंद, कपाळावरची शीर टरारलेली, ओठ अजून घट्ट मिटलेलेच. मी बाजूच्या रॅकवर होते, बार तसाच सोडून धावले, त्यांना खाली बसवलं, पाणी दिलं, पाचेक मिनिटांनी डोळ्यांपुढची अंधारी गेली. बाबांचं वय ६४, रोज सकाळी बीपीची गोळी, आणि डॉक्टरांना विचारूनच तीन महिन्यांपूर्वी हलकं वजन सुरू केलेलं. काय झालं विचारलं तर म्हणतात, "अगं श्वास धरून ठेवला होता. त्या मेसेजमध्ये लिहिलंय ना, वजन खाली ठेवेपर्यंत आवाज काढायचा नाही म्हणून."

घरी येऊन मेसेज बघितला. ‘जिममधील शिस्त, प्रत्येकाने वाचावे’, सात मुद्दे, खाली हात जोडलेले आणि ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा’. बाबांना तो बडोद्याच्या मराठी ज्येष्ठांच्या ग्रुपवर आला, त्याच दिवशी मला आत्याने पाठवला, संध्याकाळी ऑफिसच्या ग्रुपवर पण आला. थोडक्यात काय तर, खरा ताकदवान माणूस गप्प उचलतो, ओरडणारे शोबाज असतात, तोंड मिटून श्वास आत धरा, ओरडलं तर पोलीस केस होते, वजन आपटलं की बिल्डिंगचा पाया खचतो, बायकांना असले आवाज शोभत नाहीत, आणि शेवटी टॉवेल आणा, वजनं जागेवर ठेवा. टॉवेलचं आणि वजनं जागेवर ठेवायचं अगदी बरोबर आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. बाकीच्याबद्दल बोलते, आणि क्रमाने जात नाही, ज्याने माझ्या बापाला खांबाला धरायला लावलं तिथूनच सुरू करते.

मुद्दा तिसरा, जसाच्या तसा: ‘वजन उचलताना तोंड घट्ट बंद ठेवा व वजन खाली ठेवेपर्यंत श्वास रोखून धरा. आवाज बाहेर पडला की ताकद बाहेर पडते.’

विमानात कान बंद झाले की आपण नाक दाबून, तोंड मिटून आतून जोर लावतो ना, त्याला वाल्साल्वा म्हणतात, तीनशे वर्षांपूर्वीच्या इटालियन शरीरशास्त्रज्ञाच्या नावावरून. जड वजनाखाली श्वास कोंडून जोर लावला की नेमकं तेच होतं, फक्त कितीतरी पट जोराने. घसा आतून बंद, छातीत आणि पोटात दाब वाढतो आणि त्याबरोबर रक्तदाब झरझर चढतो. किती चढतो ते १९९५ मध्ये नार्लोक आणि ब्रँडस्टेटर या दोन संशोधकांनी मोजलंय, दंडाला पट्टा बांधून नाही, धमनीत नळी घालून थेट. तगडे पुरुष खेळाडू, दोन्ही पायांनी लेग प्रेस, एका वेळी जास्तीत जास्त झेपेल तेवढं वजन. श्वास कोंडून केलं तेव्हा सरासरी बीपी ३११/२८४. तेच वजन, तीच माणसं, पण हळूहळू श्वास सोडत केलं तेव्हा १९८/१७५. वजनात एक किलोचा फरक नाही, फरक फक्त घसा उघडा की बंद एवढाच, आणि वरचा आकडा शंभराहून जास्त खाली. बाबा ४० किलो ढकलत होते, त्यांचं ३११ वगैरे झालं असेल असं मी म्हणत नाही, पण दिशा तीच आहे ना. आणि कोंडलेला श्वास एकदम सोडून लगेच उभं राहिलं की दाब धाडकन उतरतो, त्यात अंधारी येते. खांब तिथे होता म्हणून, नाहीतर पुढे डंबेलचा रॅक होता आणि त्याच्या कडा लोखंडी आहेत.

जोर लावताना तोंडातून जो ‘हंऽऽ’ निघतो तो काय असतो? अर्धवट उघड्या घशातून बाहेर पडणारी हवा. शिट्टी वर झाल्यावर कुकरची वाफ सुटते, तशी. ज्याला बीपी आहे, ज्याचं वय झालंय, ज्याने नुकतंच सुरू केलंय त्याने जोर लावताना श्वास सोडायचाच, आणि सोडताना आवाज झाला तर होऊ द्यायचा.

इथे एक गोष्ट कबूल करते, नाहीतर कोणीतरी पॉवरलिफ्टर येऊन मला सुनावेल. खूप जड स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन उठबस) किंवा डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार मांडीपर्यंत उचलणं) करणारे मुद्दाम दोन क्षण श्वास कोंडतात, कंबर कडक राहावी म्हणून. मी पण करते. पण ते शिकून, निरोगी शरीरावर, सगळ्यात अवघड जागेपुरतं, आणि तिथून पुढे श्वास सुटतोच. हे ज्येष्ठांच्या ग्रुपवर सरसकट ‘श्वास रोखून धरा’ म्हणून टाकणं म्हणजे दुसऱ्याचं औषध तिसऱ्याला देणं.

आणि ‘आवाजातून ताकद बाहेर पडते’ हे तर कुठून आणलं कोण जाणे. उलट आहे. १९६१ मध्येच इकाई आणि स्टाइनहाउस या संशोधकांनी लोकांना कोपर वाकवून जोर लावायला सांगितला, आणि जोर लावताना ओरडल्यावर ताकद साधारण १२ टक्के जास्त भरली. आखाड्यात शड्डू ठोकतात, मोठ्याने मोजत दंड मारतात, ते काय येड्यासारखे? बाबा स्वतः लहानपणी दांडिया बाजारात माणिकरावांच्या आखाड्यात जायचे, ओळीत उभं राहून सगळी पोरं एका सुरात मोजायची, हे त्यांनीच मला शंभरदा सांगितलंय. तोच माणूस आज एका मेसेजमुळे ओठ मिटून बसतो याचा मला जास्त राग आला.

आता मुद्दा पहिला, आणि हा बडोद्याच्या माणसाने तरी पुढे पाठवायला नको होता. ‘गामा पहिलवानाने आपल्या सयाजीबागेतला १२०० किलोचा दगड तोंडातून चकार शब्द न काढता उचलला होता.’

दगड आहे. सयाजीबागेतल्या म्युझियममध्ये, शाळेच्या सहलीत आपण सगळ्यांनी बघितलाय, गामाने तो २३ डिसेंबर १९०२ ला उचलला अशी त्याची नोंद आहे. गामाबद्दल मला आदरच आहे, १९१० मध्ये लंडनला जाऊन झिबिस्कोसारख्या पोलिश पहिलवानाला त्याने उत्तर दिलं, ते काही कमी नाही. पण १२०० किलो? २०१६ मध्ये ब्रिटनच्या एडी हॉलने ५०० किलोची डेडलिफ्ट केली, तीही धरायला सोयीचा बार, मनगटाला पट्टे, अंगात खास सूट, आणि बार नुसता मांडीपर्यंत, तरी माणसाच्या नाकातून रक्त आलं आणि तो तिथेच कोसळला. त्यानंतर हा आकडा पाचशेच्या थोडाच पुढे गेलाय. आणि एक गुळगुळीत दगड, ज्याला धरायला खाच नाही, त्याच्या दुपटीहून जास्त वजनाचा, छातीला लावून? म्हणजे गामाने काही उचललंच नाही असं नाही म्हणत मी, तो दगड नुसता हलवून बघा, मोठंच काम आहे. पण १२०० चा आकडा गोष्ट सांगता सांगता फुगलाय हे उघड आहे. आणि समजा आकडा खरा धरला, तरी तो गप्प होता हे कोणी ऐकलं? १९०२ साली तिथे रेकॉर्डर लावून कोण बसलं होतं? मेसेज लिहिणाऱ्याला आपला मुद्दा भारदस्त करायचा होता, म्हणून गामाच्या तोंडाला कुलूप लावलं, बस.

शोबाजीबद्दल मात्र थोडं खरं आहे, नाईलाजाने मान्य करते. आमच्याकडेच एक मुलगा आहे, वॉर्मअपच्या रिकाम्या बारवर सुद्धा असा ओरडतो की ट्रेडमिलवरच्या बायका दचकतात. पण फरक कळतो की. जोराचा आवाज रिपच्या, म्हणजे एकदा वजन वर-खाली करण्याच्या, मधोमध येतो, जिथे बार अडतो तिथे, आणि बार वर गेला की थांबतो. दाखवायचा आवाज उचलायच्या आधी येतो आणि नंतर आरशात बघितलं जातं. त्या मुलाला बाजूला घेऊन सांगा, त्याच्यासाठी अख्ख्या गावाला गप्प का बसवता?

पोलीस केसवाला मुद्दा पटकन सांगते. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, एवढं मेसेजमध्ये बरोबर आहे. पण ती मर्यादा त्या परिसरातल्या आवाजाची आहे, काही वेळाची सरासरी काढून, कोणाच्या तोंडाशी मीटर धरून नाही. दोन माणसं समोरासमोर साधं बोलतात तेच ६० च्या आसपास जातं, मग काय बोलणाऱ्या सगळ्यांना आत टाकणार? हां, एक गोष्ट त्या मेसेजवाल्याने लिहायला हवी होती ती लिहिलीच नाही. कायद्यात रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. आमचं जिम पाचला उघडतं. म्हणजे पाच ते सहा आपण रात्रीच्या मर्यादेत असतो आणि मर्यादेच्या १० डेसिबल वर गेलं तर शेजाऱ्याला रीतसर तक्रार करता येते. हे मला पण आधी माहीत नव्हतं, आता मी डेडलिफ्ट सहानंतरच करते.

पाया खचण्याचं. आमचं जिम पहिल्या मजल्यावर आहे, बिल्डरने हॉल म्हणून बांधलेली जागा, नंतर तिथे मशिनं आणून ठेवली आणि जिम म्हणून विकली. बरोबर खाली एक गुजराती मासी राहतात. मेसेज वाचल्यावर मी मुद्दाम त्यांच्याकडे गेले, विचारलं की मासी आमच्या ओरडण्याचा त्रास होतो का. त्या म्हणाल्या, "बूम तो संभळाती ज नथी बेटा, पण आ धडाम धडाम थाय छे ने, ए सहन नथी थतुं." ओरडणं ऐकूच येत नाही, आपटणं सहन होत नाही. मी स्वयंपाकघरात दहा मिनिटं बसले. वर कोणीतरी डंबेल सोडला आणि मासींच्या मांडणीतल्या स्टीलच्या वाट्या एकमेकींना लागून किणकिणल्या, ओट्यावरच्या चहाच्या कपात गोल लाटा उठल्या. तोंडाचा आवाज हवेतून जातो, भिंतीला स्लॅबला अडतो. लोखंडाचा धक्का स्लॅबमधूनच खाली उतरतो, त्याला दार लावून काही उपयोग नाही. सगळ्या मेसेजमध्ये हे दोन आवाज एकच धरलेत आणि तिथेच सगळा घोळ आहे.

पाया नाही खचत त्याने. पण फरशी तडकते, खालच्या छताचं प्लास्टर सुटू शकतं, आणि राहत्या खोलीचा स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलोच्या हिशोबाने धरतात, जिमला त्याच्या दुप्पट तरी धरावं लागतं, तेव्हा बदललेल्या हॉलमध्ये एका कोपऱ्यात सगळी वजनं रचू नका हे बरोबरच आहे. आणि आपटणाऱ्यांची बाजू मी घेणारच नाही. ‘आम्ही लिफ्टर आहोत, बार सोडावाच लागतो’ म्हणतात ना, त्यांनी स्पर्धेचे नियम वाचावेत. पॉवरलिफ्टिंगमध्ये डेडलिफ्टचा बार दोन्ही हातांनी धरून, ताब्यात ठेवून खाली न्यावा लागतो, मध्येच सोडला तर लिफ्ट बाद. ऑलिंपिक वेटलिफ्टिंगवाल्यांना डोक्यावरून खाली आणताना खांद्याच्या खाली आल्यावरच पकड सोडता येते, आणि तेही रबरी प्लेट आणि खास प्लॅटफॉर्मवर, कोणाच्या स्वयंपाकघराच्या डोक्यावर नाही. जाड रबरी मॅट टाका, कमीत कमी डेडलिफ्टच्या जागेपुरत्या, आणि डंबेल मांडीवर टेकवून मग खाली ठेवा, एवढ्याने मासींच्या वाट्या निम्म्या गप्प होतील.

राहिला बायकांचा मुद्दा. शोभत नाही म्हणे, आणि वजन उचललं की गर्भाशय सरकतं म्हणे. वेटलिफ्टर कर्णम मल्लेश्वरीने २००० मध्ये सिडनी ऑलिंपिकला दोन प्रकार मिळून २४० किलो उचलून कांस्य आणलं, मीराबाई चानूने ४९ किलोच्या गटात तसेच २०२ किलो करून टोकियोत रौप्य. नुकतंच बाळंतपण झालं असेल किंवा आधीच तसा त्रास असेल तर फिजिओथेरपिस्टला विचारून करा, हे जरूर सांगा. बाकी शोभण्याचं मी ऐकून घेणार नाही.

ज्यांनी ज्यांनी हा मेसेज पुढे पाठवलाय त्यांना माझी एकच विनंती आहे, गामाचा दगड राहू दे तसाच, पण तिसरा मुद्दा ज्या ज्या ग्रुपवर टाकला असेल तिथे आजच्या आज लिहा की तो चुकीचा आहे, बीपीच्या माणसाने श्वास कोंडू नये. बाबांच्या ग्रुपमध्ये ७० च्या वर वयाचे कितीतरी जण आहेत, आणि त्यातले चार-पाच जण आमच्याच जिममध्ये येतात.