मागच्या डाव्या दाराचं हँडल

"काका, कशाला एवढा त्रास घेताय? एक्स्चेंजमध्ये देऊन टाका की. ऑफर चालू आहे."

आज सकाळी एका स्पेअर पार्टच्या काउंटरवरच्या पोराने मला हे ऐकवलं. मी मागितलं काय होतं? दाराचं हँडल. बाहेरचं, मागचं, क्लीनर साइडचं. गिऱ्हाइकाने हँडल मागावं आणि दुकानदाराने त्याला नवी गाडी दाखवावी, ही कुठली पद्धत? उद्या चपलेचा अंगठा शिवायला गेलो तर पाय बदला म्हणतील.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमच्याकडे २००२ सालची मारुती एस्टीम आहे. होय, अजून आहे, अजून चालते आणि पन्हाळ्याचा घाट अजून न धापता चढते. हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या, म्हणजे पुढचं नीट वाचाल.

तर हे हँडल. बाहेरून बघाल तर ठणठणीत. पण त्याच्या मागे प्लॅस्टिकचा एक छोटा कान असतो, त्यात लॉककडे जाणारी सळी अडकवलेली असते. तो कान तुटला. आता हँडल ओढलं की नुसतं लोंबतं, सळी जागची हलत नाही. दार आतून उघडतं, बाहेरून नाही. आणि आईची जागा नेमकी तीच. गुडघ्यांमुळे तिला त्याच बाजूने, त्याच पद्धतीने बसता येतं. पोराच्या त्या उंच एसयूव्हीत तिला चढवायचं म्हणजे दोघं लागतात, आणि वर ती म्हणते, "मला काय ट्रकात घालताय काय?" त्यामुळे आईला दवाखान्यात न्यायचं असलं की कार्यक्रम असा: मी उजव्या दाराने आत शिरायचं, मागच्या सीटवर आडवं पडायचं, हात लांब करून डावं दार उघडायचं, परत सरपटत बाहेर यायचं आणि मग मातोश्री बसणार. समोरच्या बिल्डिंगमधली पोरं गॅलरीत येऊन बघतात. साठीला टेकलेला माणूस मी!

गंमत अशी की इंजिनाचं काही मागा, मिळतं. एस्टीमचं १.३ लिटरचं इंजिन त्याच घराण्यातल्या जिप्सीलाही होतं, आणि जिप्सी लष्करात होती, पोलिसांत होती, २०१८ पर्यंत तरी बनत होती. त्यामुळे गॅस्केट, रिंगा, वॉटर पंप असलं काही हवं असेल तर एस्टीमचं नाव न घेता जिप्सीचं म्हणून मागायचं, निम्मी कटकट तिथेच संपते. क्लच, शॉकॲब्सॉर्बर, दिवे हेही निघतं कुठून तरी, कारण ते गाडीवाली कंपनी स्वतः बनवतच नाही. व्हॅलिओ, गॅब्रिएल, ल्युमॅक्स हे लोक बनवतात आणि स्वतःच्या डबीत घालून बाजारातही विकतात. पुष्कळदा तोच माल, फक्त डबी वेगळी आणि किंमत कमी. हे आपल्यापैकी जुन्या गाड्या बाळगणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे.

अडतं कुठे? हँडलात. दाराच्या कडेच्या रबरी पट्टीत, म्हणजे बीडिंगात. काचेच्या रबरात. डॅशबोर्डवरच्या एका चिमुकल्या झाकणात. कारण असल्या वस्तूची डाय, म्हणजे साचा, गाडीवाल्या कंपनीच्या मालकीची असते. ज्या कारखान्यात ती वस्तू बनते त्यालासुद्धा ती स्वतःच्या नावाने विकता येत नाही. कंपनीची ऑर्डर बंद झाली की डाय पडली कोपऱ्यात, आणि चालती-बोलती गाडी एका प्लॅस्टिकच्या कानापायी भंगारात. इंजिन बिघडल्यामुळे गाडी मोडीत काढलेले लोक मला फारसे भेटलेच नाहीत. असल्याच फुटकळ गोष्टींना वैतागून विकलेले मात्र गल्लीगल्लीत आहेत.

मान्य आहे, एस्टीम बंद झाली २००७ मध्ये. इतकी वर्षं डाय सांभाळायची म्हणजे जागा लागते, पैसा लागतो, आणि हँडलं खपणार किती? ठीक आहे. तुम्ही बनवू नका. मग नकाशा द्या की! मोजमापं द्या, जुन्या डाय विकायला काढा. आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात अशी माणसं बसली आहेत की सकाळी तुटका तुकडा हातात द्या, संध्याकाळी नवा घेऊन जा. या गावाने ऑइल इंजिनं बनवली, आजही इथल्या फाउंड्र्यांमधून मोठमोठ्या गाडीवाल्यांना कास्टिंग जातं, त्याला दाराचं हँडल जड जाणार आहे का? स्वतःही बनवायचं नाही आणि दुसऱ्यालाही बनवू द्यायचं नाही, वर गिऱ्हाइकाला सांगायचं एक्स्चेंज करा.

आणि हे माझं एकट्याचं रडगाणं नाही. २०१४ साली स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोठावला होता. कशासाठी? सुटे भाग खुल्या बाजारात, बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू देत नाहीत म्हणून. पुढे अपिलं झाली, ते सोडा. २०२२ च्या डिसेंबरात केंद्राच्या ग्राहक खात्याने राइट टू रिपेअर, म्हणजे दुरुस्तीचा हक्क, म्हणून पोर्टलही काढलं. त्यावर कंपन्यांचे फोन नंबर आहेत, माहिती आहे, सगळं आहे. हँडल नाही.

उलट पैसे घ्यायला सगळे तयार. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण, वर ग्रीन टॅक्स. २०२५ च्या ऑगस्टात नवा दर आला, वीस वर्षांवरच्या मोटारीला १० हजार. भरतो बाबा. पण गाडी धडधाकट ठेवा म्हणून माझ्याकडून पैसे घ्यायचे आणि ती धडधाकट ठेवायला लागणारी वस्तू बाजारातून गायब होताना बघत बसायचं, हे कसं काय? आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलंय, जुन्या गाड्यांचे रबरी पाइप किती दिवस टिकतील ते देव जाणे. पण त्यावर आम्हा कोल्हापूरकरांना तोंड उघडायची सोय नाही, ऊस आमचाच.

जुन्या गाडीला एअरबॅग नाही, धूर जास्त, हे कमेंटमध्ये लिहायला काही जण बोटं सरसावून बसलेत, मला माहीत आहे. खरं आहे. पुढे बोला.

ऑनलाइनही मागवून झालं. फोटो डाव्याचा, डबीत उजवं. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणतो, "सर, उलटं करून बसतंय का बघा." उलटं करून! एका दुकानात मारुतीच्याच झेन गाडीचं हँडल पुढे केलं, "हेच लागतं हो सगळ्याला, जरा कानशीने घासा." मी हँडल मागतोय, उसाचं कांडं नव्हे. ब्रेकचे पार्टही हे लोक असेच देत असणार, या विचाराने माझ्या पोटात गोळा येतो. डबीवर होलोग्राम असला तरी मी आता नखाने खरवडून बघतो.

तर त्या पोराचं ऐकून डोकं तापलेलं असतानाच मी उद्यमनगरात एका जुन्या दुकानात शिरलो. दुकान कसलं, बोळ. मालक माझ्यापेक्षा वयाने मोठे, समोर वह्यांची चळत, कॉम्प्युटरचा पत्ता नाही. मी फोनवरचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, म्हणाले, "पुढनं सगळी हँडलं सारखीच दिसत्यात साहेब. पाठीमागनं फोटो काढायचा. कान कुठं हाय, स्प्रिंग कुठल्या बाजूला हाय, ते बघितल्याबिगर सांगता येत न्हाई." तुटकं हँडल पिशवीतच होतं, ते काढून दिलं. त्यांनी ते उलटसुलट केलं, बोटाने कानाच्या तुटक्या जागेवरून फिरवलं आणि आतल्या बाजूचा नंबर मोठ्याने वाचला.

मग त्यांनी जे सांगितलं ते लिहून ठेवा, तुमच्या गाडीलाही उपयोगी पडेल. या गाड्यांच्या पार्ट नंबरात पहिले पाच आकडे म्हणजे वस्तू कोणती ते, मधला भाग म्हणजे ती पहिल्यांदा कुठल्या मॉडेलसाठी काढली ते, आणि शेवटचा तुकडा रंगाचा. काउंटरवरची पोरं रंगासकट आख्खा नंबर टाकतात, स्क्रीन म्हणते नाही, की झालं यांचं काम. शेपूट काढून शोधलं तर दुसऱ्या रंगातलं कुठल्या तरी गोडाऊनला पडलेलं सापडू शकतं. आणि मधला भाग भलत्याच मॉडेलचा निघाला तर घाबरू नका, उलट आनंद माना, कारण मग तीच वस्तू दुसऱ्याही गाडीत सापडायची शक्यता असते.

त्या पोराला हे कुणी शिकवलंच नसेल. आता लिहिता लिहिता त्याची थोडी दयाही येतेय. त्याला टार्गेट आहे ते नव्या गाड्यांच्या चौकशीचं, हँडलाचं नाही.

त्या मालकांनी आधी पुण्याला नाना पेठेत फोन लावला, तिथे नव्हतं. मग कुर्ल्याला. तिथल्या भंगारवाल्याकडे काढीव माल होता, एका एस्टीमची चारही दारं. चंदेरी. आमची गाडी मरून. रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे द्यायला सांगितलंय, उद्या सकाळी स्टँडवर जाऊन घ्यायचं. पैसे विचारले तर म्हणाले, "बसू दे आधी. बसलं तर बघू."

घरी येऊन आईला सांगितलं, हँडल मिळालं, पण रंग वेगळा आहे. ती म्हणाली, "मग शुक्रवारी डॉक्टरांकडं वेळेत पोचू."

आता मुद्द्याचं. मागच्या दोन्ही दारांची बीडिंग गेली आहेत, पावसात सीट भिजते. कुणाच्या ओळखीत एस्टीम मोडीत निघाली असेल, सांगली, बेळगाव, गोवा कुठेही, तर ती कापायच्या आधी मला फोन करा. रबर कडक झालेलं नको. आणि फोटो पाठवाल तो मागच्या बाजूचा पाठवा.