ब्राउझरमध्ये उघडतंय म्हणून माझं मशीन खराब?

दोन दिवस गेले माझे. अख्खे दोन दिवस. आणि त्यातला दीड दिवस मी स्वतःचंच काहीतरी चुकलंय असं समजून घालवला, याचा संताप जास्त आहे.

गुरुवारी सकाळी प्रोजेक्ट ट्रॅकिंगचा डेस्कटॉप क्लायंट (सर्व्हरला जोडणारं लॅपटॉपवरचं ॲप) उघडला तर समोर एवढीशी खिडकी: 'सर्व्हरशी संपर्क झाला नाही. सेटिंग्ज तपासा.' अरे, कुठल्या सेटिंग्ज? पासवर्ड चुकलाय, पोर्ट बंद आहे, प्रॉक्सी अडवतोय की सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हरचं डिजिटल ओळखपत्र, नाकारलंय? 401 हा एरर कोड दाखवा, मी पासवर्ड बघते. 407 दाखवा, प्रॉक्सीच्या मागे लागते. या सगळ्याला एकच वाक्य चिकटवायचं आणि माणसाला अंधारात चाचपडायला सोडायचं, ही कुठली पद्धत?

मग नेहमीचं सगळं केलं. व्हीपीएन बंद-चालू केलं, पासवर्ड बदलला, प्रॉक्सी काढून पाहिला. शेवटी क्लायंटच उडवून पुन्हा टाकला, आणि त्यात माझ्या तीन वर्षांच्या सेव्ह केलेल्या क्वेरी गेल्या. त्या आता परत येणार नाहीत.

सर्व्हर सांभाळणाऱ्यांकडे तिकीट टाकलं. वीस मिनिटांत उत्तर: 'ब्राउझरमध्ये उघडतंय. तुमच्या मशीनचा प्रॉब्लेम आहे.' तिकीट बंद. मी पुन्हा उघडलं. तेच वाक्य, पुन्हा बंद. एकानेही विचारलं नाही की बाई, लॉगमध्ये, क्लायंटच्या नोंदींच्या फाइलमध्ये, काय येतंय?

लॉग मीच शोधला, शुक्रवारी दुपारी, होम फोल्डरमधल्या एका लपवलेल्या फोल्डरात. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: 'पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड'. म्हणजे सर्टिफिकेटची साखळी तुटलेली, सर्व्हरच्या सर्टिफिकेटपासून विश्वासातल्या मूळ सर्टिफिकेटपर्यंत पोचताच येत नाही. ओपनएसएसएल या तपासणीच्या टूलने सर्व्हरला विचारलं तर व्हेरिफाय कोड 21, म्हणजे पहिलंच सर्टिफिकेट पडताळता आलं नाही, आणि साखळीत एकच सर्टिफिकेट, सर्व्हरचं स्वतःचं. बुधवारी रात्री यांनी सर्टिफिकेट नवं केलं आणि मधलं, इंटरमीजिएट, फाइलमध्ये टाकायलाच विसरले.

हो, ब्राउझरमध्ये उघडतं! क्रोम ते मधलं सर्टिफिकेट सर्व्हरच्या सर्टिफिकेटातच दिलेल्या पत्त्यावरून स्वतः जाऊन आणतो. फायरफॉक्स अशी सर्टिफिकेटं आधीच उतरवून ठेवतो. आमचा क्लायंट जावावर चालतो, आणि जावाच्या मूळ सेटिंगमध्ये हे आणणं बंद असतं. साखळी पुरी करून पाठवणं हे सर्व्हरचं काम आहे, माझ्या लॅपटॉपचं नाही. ब्राउझर तुमची चूक झाकून घेतो म्हणून ती चूक माझी होत नाही!

आणि या सगळ्यात सल्ला काय मिळाला? 'सर्टिफिकेट तपासणीच बंद करून टाका, चालेल.' नाही चालणार. त्याच वाटेने माझा पासवर्ड जातो, ग्राहक कंपनीच्या न सुटलेल्या सिक्युरिटी बगांची यादी जाते. समोर खरा सर्व्हर आहे की मध्ये बसलेला कुणी भलताच, हे कळायचा तो एकच मार्ग आहे, आणि तोच बंद करा म्हणता? माझ्याच टीममधल्या दोघांनी सेटिंगमधली त्या तपासणीची खूण काढून टाकली होती. त्यांच्या शेजारी बसून मी ती परत लावून घेतली. त्यांना काय बोलणार, त्यांना काम संपवायचं होतं.

तिसऱ्या तिकिटात ओपनएसएसएलचं सगळं आउटपुट चिकटवलं, आणि एनजिनएक्सच्या (त्यांच्या वेब सर्व्हर सॉफ्टवेअरच्या) सर्टिफिकेट फाइलमध्ये आधी सर्व्हरचं आणि त्याखाली मधलं सर्टिफिकेट हवं, हेही लिहिलं. म्हणजे त्यांचं काम मीच करून दिलं. दहा मिनिटांत निरोप आला, 'आता बघा.' पहिल्या झटक्यात जोडलं गेलं.

आणि तिकीट बंद करताना कारण काय लिहिलं? 'युजरच्या बाजूची अडचण. सुटली.'

ते तिकीट मी पुन्हा उघडलंय. कारण बदलून लिहीपर्यंत बंद होऊ देणार नाही.