पंखे फिरतात, स्क्रीन काळी, म्हणून मदरबोर्ड गेला?

उन्हाळा लागला की आपल्या जळगाव-धुळ्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. त्याचा सार असा: कॉम्प्युटर चालू होतो, पंखे फिरतात, पण स्क्रीन काळीच राहते, तर उन्हाने मदरबोर्ड जळाला समजा. पॉवर सप्लाय ठीकच आहे, नाहीतर पंखे फिरले नसते. रॅम खोडरबराने घासा, बोर्डावरचा सेल बदला, विंडोज फॉरमॅट मारा. तरी नाही झालं तर नवा बोर्ड. खाली हात जोडलेली चित्रं आणि ‘सर्वांना पाठवा’.

आधी उन्हाचं बघू, कारण भुसावळला पारा 45च्या पुढे गेला की हे सगळ्यांना पटकन पटतं. प्रोसेसर स्वतःला सांभाळतो. 95-100 अंशांच्या आसपास तापला की तो वेग कमी करतो आणि तरीही भागलं नाही तर मशीन बंद करतो. म्हणजे उष्णतेचा त्रास दिसतो तो असा: तासभर काम केल्यावर दुपारी मशीन अडखळतं, फटकन बंद पडतं. सकाळी सहाला, गार खोलीत, बटण दाबल्या दाबल्या स्क्रीन काळी असेल तर त्या क्षणी ऊन तिथे नाही. हां, वर्षानुवर्षांच्या गरमीने पॉवर सप्लायमधले कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) लवकर म्हातारे होतात, हे खरं. पण मेसेज नेमका त्याच पॉवर सप्लायला निर्दोष ठरवतो!

पंखे 12 व्होल्टवर फिरतात. बोर्डाला त्याशिवाय 5 आणि 3.3 व्होल्टही लागतात, प्रोसेसरसाठी तर वेगळी केबल येते. त्यातलं एखादं ढिलं किंवा अशक्त असलं तरी पंखे खुशाल गरगरतात. पंखा फिरला एवढ्यावरून सप्लाय पास करणं घाईचं आहे, आणि त्याच पंख्यावरून बोर्ड नापास करणंही.

मेसेजात मॉनिटरचा उल्लेखच नाही. मला सगळ्यात खटकलं ते हेच. स्क्रीनवर ‘नो सिग्नल’ येतंय का? मग मॉनिटर जिवंत आहे, त्याच्यापर्यंत चित्र पोचत नाही. मॉनिटरचं इनपुट एचडीएमआयवर आहे आणि केबल व्हीजीएची, असं घरोघरी होतं. दिवाळीच्या साफसफाईत केबल काढली आणि परत लावताना ग्राफिक्स कार्डाऐवजी बोर्डाच्या पोर्टात खुपसली, हेही. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नंबराच्या शेवटी ‘एफ’ असतो त्यात ग्राफिक्स नसतंच, त्यामुळे बोर्डाच्या पोर्टातून काहीच येणार नाही. मॉनिटर चालू आहे पण पडदा काळा, अशा वेळी अंधारात मोबाइलचा टॉर्च तिरका मारून पाहा. पुसट चित्र दिसलं तर मॉनिटरचा बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा दिवा, गेलाय, कॉम्प्युटरचा डबा धडधाकट आहे.

खोडरबराचा उपाय अनेकांना लागू पडतो, म्हणून तर तो टिकलाय. पण गुण बहुतेकदा घासण्याचा नसतो, काढून परत नीट बसवण्याचा असतो. रॅमच्या पट्ट्यांवर सोन्याचा अगदी पातळ मुलामा असतो. रबराने तो झिजतो आणि भुगा स्लॉटमध्ये पडतो. त्यापेक्षा प्लग काढा, अंगातली स्थिर वीज उतरायला कॅबिनेटच्या धातूला हात लावा, मऊ ब्रशने स्लॉट साफ करा (कापसाच्या जिनिंगजवळच्या घरांत आत काय काय निघतं, विचारू नका) आणि दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहा. डीडीआर5 रॅमचं नवं मशीन पहिल्यांदा सुरू होताना काही मिनिटं काळंच बसतं, ते रॅमची जुळवणी करत असतं. तेवढा धीर धरा.

सेल उतरला तर बहुतेक बोर्डांवर घड्याळ चुकतं, सेटिंग जातं, चित्र मात्र येतं. कुणी बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, उद्योग केले असतील तर सेल थोडा वेळ काढून ठेवल्याने फायदा होऊ शकतो, एरवी नाही.

फॉरमॅटचा सल्ला तर धोक्याचाच. कंपनीचा लोगोच दिसत नसेल तर विंडोजपर्यंत गाडी पोचलेलीच नाही. लोगो दिसतो आणि नंतर काळोख होतो, तेव्हा मामला बहुधा ड्रायव्हरचा, म्हणजे ग्राफिक्स चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा, ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. त्याने नाही झालं तर सेफ मोड, म्हणजे मोजक्याच गोष्टींवर विंडोज सुरू करणं. फोटो, पोराचा प्रोजेक्ट, पिकाचे हिशोब, सगळं पुसून काळी स्क्रीन उजळत नाही.

राहिला ‘बोर्ड बदला’. बोर्ड जातात, नाही असं नाही. पण डबा उचलून जळगावचं गोलाणी मार्केट गाठलंच तर दुकानदाराला म्हणा, "दादा, माझ्यासमोर दुसरा पॉवर सप्लाय आणि एकच रॅम लावून दाखवा." अलीकडच्या बऱ्याच बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए असे बारीक दिवे असतात. कुठला पेटून राहतो तेही विचारा, अडचण बहुधा त्याच भागात असते. आणि पॉवर सप्लायचा डबा घरी स्क्रू काढून उघडू नका, प्लग काढल्यावरही आत झटका देण्याइतका चार्ज राहू शकतो.