फॉरमॅट मारणं ही आमची चूक होती : आपल्या एक-स्टार रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही लिहिलंय की आमच्याकडून आठ महिन्यांपूर्वी बांधून घेतलेला पीसी लग्नाचे व्हिडिओ एक्सपोर्ट करताना रांगायला लागतो आणि टास्क मॅनेजरमध्ये (विंडोजमधला कामाचा भार दाखवणारा तक्ता) सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, १०० टक्के दिसतो. दोनदा आणलात, दोन्ही वेळा आम्ही फॉरमॅट मारून दिला, ६०० रुपये घेतले आणि वर ‘प्रोसेसर बदलावा लागेल’ असं सांगितलं. आत जुना प्रोसेसर टाकला असावा, असंही तुम्ही म्हटलंय.

शेवटचं आधी. शनिवारी तुमच्यासमोर कूलर काढून, पेस्ट पुसून प्रोसेसरवरचा नंबर खोक्याशी ताडून पाहिला. जुळला. तो आय-सेव्हन १२७०० नवाच आहे आणि ठणठणीत आहे. बाकी तक्रार मात्र खरी आहे.

झालं असं की आमच्या मुलांनी १०० टक्क्यांचा आकडा पाहिला, पण शेजारचा स्पीडचा आकडा पाहिला नाही. शनिवारी तुमचाच प्रोजेक्ट लावून मी स्वतः बसलो. पहिली दहा मिनिटं स्पीड चार गिगाहर्ट्झच्या वर होता. मग एका झटक्यात ०.७९ वर आला आणि तिथेच चिकटला. पाचपट हळू चालणाऱ्या प्रोसेसरला साधं ब्राउझर उघडणंही जड जातं, म्हणून १०० टक्के. एवढं होऊनही प्रोसेसरचं तापमान जेमतेम ७० अंश होतं, आणि त्याची मर्यादा १०० ची आहे. मग त्याला दाबतंय कोण? एचडब्ल्यूइन्फो या तपासणीच्या प्रोग्रॅममध्ये व्हीआरच्या ओळीसमोर लाल अक्षरात ‘येस’ आलं, तेव्हा उलगडा झाला. प्रोसेसरला वीज पुरवणारा मदरबोर्डावरचा भाग, व्हीआरएम (व्हीआर म्हणजे तोच), इतका तापला होता की त्याच्याजवळ बोट टेकवेना. तो जळू नये म्हणून बोर्डच प्रोसेसरचा गळा आवळत होता. बाजूचं झाकण काढून टेबल फॅन लावला, तर थोड्याच वेळात स्पीड परत वर गेला.

हा प्रोसेसर नावाला ६५ वॅटचा असला तरी जोर लावताना १८० वॅटपर्यंत ओढतो. तुमच्या बजेटमध्ये बसवायचं म्हणून आम्ही त्याखाली एच६१० चा साधा बोर्ड दिला, ज्याच्या व्हीआरएमवर हीटसिंक, म्हणजे उष्णता खेचणारा धातूचा तुकडाच नाही. दोन महिन्यांपूर्वी टॉवर कूलर (उभा, मोठा कूलर) घ्या असं सुचवलं तेही आम्हीच. कंपनीचा छोटा कूलर हवा खाली बोर्डावर मारतो, टॉवर ती मागे फेकतो. म्हणजे त्या भागाला मिळत होती तेवढी हवाही आम्ही बंद केली. याचं मला सगळ्यात वाईट वाटतं. सीझनमध्ये तुमच्या अल्बमच्या तारखा चुकल्या, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

दोन्ही वेळा दुकानात दोष का दिसला नाही? आमच्या टेबलावर झाकण उघडं, वर एसी, आणि तपासणी म्हणून यूट्यूबचा एखादा व्हिडिओ. तुमच्याकडे तो टेबलाच्या बंद कप्प्यात चार-चार तास एक्सपोर्ट करतो. आता तपासणी ग्राहकाचंच काम लावून, झाकण बंद ठेवून, किमान अर्धा तास करायची असं ठरवलंय.

तुम्ही फोटो टाकलाय त्यातल्या ‘पॉवर थ्रॉटलिंग’च्या रकान्याची काळजी करू नका. मागे चालणाऱ्या प्रोग्रॅमना कमी वीज द्यायची विंडोजची ती सोय आहे, विंडोज १० मध्ये २०१७ पासून आलेली. आपल्या बिघाडाशी तिचा संबंध नाही.

शनिवारी बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) प्रोसेसरची वीज ६५ वॅटवर बांधून दिली आहे. स्पीड तीन गिगाहर्ट्झच्या आसपास राहील, पण मध्येच कोसळणार नाही. हा तात्पुरता उपाय झाला. हीटसिंकवाला बी७६० बोर्ड मागवलाय, तुमची रॅम त्यावर चालेल. बोर्ड आणि बसवणं, दोन्हींचा खर्च दुकानाचा. ६०० रुपये आजच परत पाठवतो. तोपर्यंत पीसी कप्प्याबाहेर, मागची बाजू भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. बोर्ड आला की मीच फोन करीन. तुमच्या ज्या दिवशी शूट नसेल त्या दिवशी घरी येऊन बसवून देईन, आणि एक पूर्ण एक्सपोर्ट होईपर्यंत थांबेन.